आपलाबंदी

ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून मोकळं झालेलं बरं. कोल्हापुरात, भर वाघदरवाजा पेठेत, एक धडधाकट, बोलता-चालता माणूस अकरा दिवस ‘आपला’ हा शब्द तोंडातनं न काढता जगला. एकदा म्हणून एकदा चुकला नाही. बाहेरगावच्या लोकांना यात काय विशेष ते कळायचं नाही. पण कोल्हापूरकराचा ‘आपला’ काढून घ्यायचा म्हणजे तांबड्या रश्श्यातला तांबडा काढून घेऊन ‘घ्या, ओरपा’ म्हणण्यातला प्रकार. इथं मिसळवाला आपला असतो, आमदार आपला असतो, पडलेला आमदार तर जास्तच आपला असतो. चौकात पत्ता विचारायला थांबलेला पावणा तिसऱ्या मिनिटाला आपला होऊन चहा पीत बसलेला असतो.

हा माणूस म्हणजे ईरप्पा. टीव्हीवर फुटबॉलची कॉमेंट्री करणारा. वय त्रेपन्न, उंची बेताची, आणि आवाज असा की पंचगंगेच्या घाटावर उभा राहून ‘गोल’ म्हणाला तर पेठ वडगावातले दुकानदार ‘कुणी केला?’ म्हणून शटर वर करून बघायचे. मूळचा तो गडहिंग्लजच्या पलीकडचा. कर्नाटकाची हद्द शेताच्या बांधावरनं जाते, तिथला. घरात कानडी, मराठी फक्त बाजारापुरती. एकोणिसाव्या वर्षी वाघदरवाजा तालमीनं त्याला तालमीच्या संघात फुटबॉल खेळायला म्हणून आणला, माडीवर खोली दिली, जेवायला घरोघरचे वार लावून दिले. जो भेटेल त्याला लोक सांगायचे, “हा आपला ईरप्पा.” इतक्या वेळा सांगायचे की पोराला वाटलं, ‘आपला’ हे इथं मिळालेलं आडनाव असावं. तालमीच्या वहीत त्यानं पहिली सही ठोकली ती ‘ईरप्पा आपला’ अशी. लोक पोट धरून हसले, पण सही काही कुणी खोडली नाही.

पंधरा वर्षं तो पिवळ्या-काळ्या जर्सीत खेळला. त्याच्या उजव्या पायाबद्दल काय सांगावं! एका फायनलला त्यानं मारलेली फ्री किक स्टेडियमच्या भिंतीवरनं जी गेली, ती निघालेल्या चंदगड एस.टी.च्या टपावर जाऊन बसली. बॉल चंदगडला पोचला. तिथला पाऊस काही कॅलेंडर बघून पडत नाही. तीन दिवस भिजून, फुगून बॉल परतीच्या गाडीनं आला तेव्हा त्याचा आकार बघून कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलेलं होतं.

मग गुडघा गेला. गुडघा गेला, पण पाय काही बसेना. जेवायला बसला की उजवा पाय ताट सरकवायचा. लग्नात पुढच्या खुर्चीला हादरे द्यायचा, आणि पुढचा माणूस नवरदेवाचा मामा निघायचा. रंकाळ्याला रोज तीन-तीन फेऱ्या मारल्या तरी पायाचं समाधान होईना.

“बसा की वो घडीभर,” बायको शिवलीला म्हणायची.

“बसलोय की.”

“तुम्ही बसलाय. पाय उभाच हाय तुमचा.”

अशात एका केबलवाल्यानं त्याच्या हातात माईक दिला, आणि चमत्कार झाला. आवाज पळायला लागला तसा पाय बसला. नव्वद मिनिटं हा माणूस खुर्चीत देवासारखा स्थिर! त्या दिवसापासनं ईरप्पाला कळलं की जगात त्याला बसायला एकच जागा आहे, आणि ती माईकच्या मागं आहे. पुढं त्या केबलची ‘पंचरंग क्रीडा’ नावाची वाहिनी झाली, वाहिनीनं पुण्यात ऑफिस थाटलं, आणि पुढच्या महिन्यापासनं सगळ्या राज्याचे सामने दाखवायचं ठरलं. त्यासाठी एक आवाज पाहिजे होता. ईरप्पाचंच नाव होतं.

एवढ्यात सेमीफायनल झाली, आणि वाघदरवाजा जिंकला. त्या एका सामन्यात ईरप्पा ‘आपला’, ‘आपली’, ‘आपलं’ मिळून एक्केचाळीस वेळा म्हणाला. हे मोजलं हौदगल्लीनं. हौदगल्ली मंडळ म्हणजे वाघदरवाजाचं हाडवैर. तीन पिढ्यांची ईर्षा. त्यांनी एक जुना टीव्ही टेम्पोत उलटा, लोकांकडं पाठ करून ठेवला, त्याला हार घातला आणि बिंदू चौकापर्यंत मिरवणूक काढली. ‘आपला टीव्ही, त्यांचा झाला!’ अशी घोषणा. फायनलला समोर तेच होते.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात बोलावणं आलं. इथलं सगळं काम संयोगिता बघायची. वारणानगरची पोरगी, तिशीची, शब्दाला पक्की. तिच्या शेजारी विजयसिंह बसलेला होता. हौदगल्लीचा जुना गोलकीपर. ईरप्पाच्या उजव्या पायाचे निम्मे गोल या माणसानं पाठीमागं वळून जाळीतनं काढलेले.

“ईरप्पाकाका, पुण्याचं पत्र आलंय,” संयोगिता म्हणाली. “फायनलला आपण तटस्थ राहायचं...”

“तीच म्हणाली ‘आपण’!” विजयसिंह खुर्चीतनं उठला.

“मी कॉमेंट्री करत नाही, काका. बसा.” तिनं कागद पुढं धरला. “‘आपलेपणा दर्शविणारे सर्व शब्द वर्ज्य.’ आपला, आपली, आपलं, आपण. आमचा तर नाहीच नाही.”

“आपण न्हाय?” ईरप्पा हादरला. “मग ‘आपण बघतोय’ म्हणायचं तरी कसं? बघतंय कोण?”

“ते तुम्ही बघा. विजयसिंहकाका तुमच्या शेजारी बसतील. यांच्याकडं रेड कार्ड असेल. एकदा जरी शब्द आला की कार्ड वर, तुमचा माईक बंद. राहिलेला सामना ते बोलतील. पुढच्या महिन्यापासनं राज्याचेही तेच.” मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “काका, पुण्याला मी तुमच्यासाठी भांडून एवढंच मिळवलंय. फायनलपर्यंत सराव करा.”

विजयसिंह हसला. एवढा रुंद माणूस हसला की टेबल हलतं. “ईरप्पा, गड्या, किक-ऑफच्या आधीच जाशील बघ तू.”

टेबलाखाली ईरप्पाचा पाय हलायला लागला होता.

त्या दिवसापासनं अकरा दिवस आपलाबंदी. नुसती माईकवर पाळायची म्हटली तर जीभ ऐन वेळी घसरणार, म्हणून त्यानं घरातही पाळायची ठरवली.

“आपल्याकडं साखर संपलीया,” शिवलीला म्हणाली.

“कुणाकडं?”

“आपल्याकडं.”

“या घरात, असं म्हण.”

“का? दुसरं बी घर हाय काय तुमचं?”

झालं, दोन दिवस बिनसाखरेचा चहा.

शब्द काढायचा म्हणजे त्या जागी दुसरा बसवावा लागतो. ईरप्पाला काही सुचेना. शेवटी त्यानं शेजारच्या जोतीराम हवालदारांना गाठलं. तीस वर्षं पोलिसात काढून ते निवृत्त झालेले होते.

“सोपं हाय की,” हवालदार म्हणाले. “तीस वर्षं मी पंचनामे लिवले. एका पंचनाम्यात ‘आपला’ आलाय काय? सख्खा मेव्हणा सापडला तरी ‘इसम’ म्हणूनच लिवला मी. सदर इसम, सदरहू वस्तू, घटनास्थळ. एवढ्या तीन शब्दांत सगळं जग बसतंय बघ.”

मग काय, सकाळ-संध्याकाळ शिकवणी. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांवर सराव. “सदर इसम हातात पिशवी घेऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असताना...” सदर इसम वळून बघायचा आणि घाईनं पिशवी छातीशी धरायचा. चार दिवसांत ईरप्पाची जीभ अशी तयार झाली की मिसळवाल्याला म्हणाला, “सदरहू मिसळीत कट कमी आढळून आला.” मिसळवाल्याचा चेहरा उतरला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक त्याचं.

इथंच खरी पंचाईत सुरू झाली. कट्ट्यावर तो आला की लोक आरडायचे, “आला आला, आपला ईरप्पा आला!” पूर्वी तो म्हणायचा, “आपलीच माणसं सगळी!” आता नुसती मान हलवायचा. चार दिवस लोकांनी सोसलं. पाचव्या दिवशी कुणीतरी पाठीमागनं बोललं, “राज्याच्या टीव्हीवर निघाला न्हवं, आता कशाला आपला म्हणंल!” दुसरा म्हणाला, “परका त्यो परकाच.”

हे ऐकलं आणि ईरप्पाचा पाय असा सुटला की त्या संध्याकाळी रंकाळ्याला सात फेऱ्या झाल्या. कारण सांगावं तर तो शब्दच तोंडात येऊन बंदी मोडते, न सांगावं तर पेठ जाते. माईक गेला तर पाय जीव खाणार, माईक राखला तर ही माणसं जाणार. बाकड्यावर टेकला, उठला. चालला, थांबला. भेळवाल्यानं विचारलं, “काय हरवलंय काय?” ईरप्पा म्हणाला, “सदरहू वस्तूचं नाव घेता येत न्हाय.”

फायनलचा दिवस उजाडला. स्टेडियम दुपारी दोनलाच भरलं. एका बाजूला पिवळं-काळं, दुसऱ्या बाजूला तांबडं, मधी पोलीस. कॉमेंट्रीच्या खोलीत दोन खुर्च्या. विजयसिंह नवा कोरा शर्ट घालून आलेला, खिशातनं रेड कार्डाचा कोपरा दिसेल असा ठेवलेला. मधनंच तो त्यावर हात ठेवी, छातीवर बिल्ला असल्यासारखा.

शिट्टी झाली. संयोगिता कानातल्या यंत्रातनं म्हणाली, “काका, सुरू.” ईरप्पानं श्वास घेतला.

“प्रेक्षकहो, सायंकाळी चार वाजता घटनास्थळी दोन गट आमनेसामने आलेले दिसून येतात. वाघदरवाजाचा सात नंबरचा इसम, नाव ऋतुराज, सदरहू चेंडू ताब्यात घेऊन उजव्या बगलेनं पळून जात असताना हौदगल्लीच्या तीन इसमांनी त्यास घेराव घातला...”

शहरात घरोघरी लोक टीव्हीजवळ सरकले. काय चाललंय हे? पाचव्या मिनिटाला हसायला लागले, दहाव्या मिनिटाला चटक लागली. “झटापटीत सदर इसमाच्या पायातील चेंडू निसटून थ्रो-इन झाला. साक्षीदार म्हणून लाइन्समन हजर.” पुण्याच्या ऑफिसातनं संयोगिताला निरोप आला, हा माणूस कुठं मिळाला म्हणून.

विजयसिंहाला घाम फुटला. असा गडी सापडायचा नाही. मग त्यानं सापळे लावायला सुरुवात केली.

“ईरप्पा, हे स्टेडियम कुणाचं म्हणायचं?”

“ज्याच्या पायात चेंडू, त्याचं.”

“तुझं लग्न कुणाच्या मांडवात झालं?”

“सासऱ्याच्या.”

“हौदगल्लीचा बचाव बघितलास? वाघदरवाजात असा एक बी न्हाय. सगळी पळपुटी.”

हा वार बसला. टेबलाखाली पाय उसळला आणि पाण्याची बाटली भिंतीवर जाऊन आदळली. माईकमागं बसलेला असताना त्याचा पाय हलला, असं आजवर कधी झालं नव्हतं. ईरप्पानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. “विजयसिंहांचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे,” तो दात आवळून म्हणाला. “त्याची शहानिशा नव्वदाव्या मिनिटापर्यंत होईल.”

हाफटाइम झाला, गोल नाही. सत्तरावं मिनिट झालं, गोल नाही. हौदगल्लीचा एक फटका बारला लागून परत आला तेव्हा विजयसिंह स्वतःच “आपलं नशीबच...” म्हणून गेला आणि त्यानं घाईनं खोकून घेतलं. संयोगिता कानात म्हणाली, “त्यांना नियम नाही, काका, तुम्हालाच आहे. सांभाळा.” ईरप्पाचा शर्ट पाठीला चिकटलेला. शब्द घशापाशी येऊन बसला होता, एकटा नाही, अकरा दिवसांचे सगळे एकावर एक.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. मैदानाच्या मध्यात ऋतुराजनं बॉल घेतला.

“सदर इसम... सदर इसम एकास चकवून... दुसऱ्यास चकवून... इसम पळतोय... गोलकीपर जागा सोडून पुढं आल्याचं दिसून... इसम... अरे मार की रं इसमा!”

ऋतुराजनं मारला. बॉल गोलकीपरच्या डोक्यावरनं उचलला, क्षणभर हवेत थांबला, आणि जाळीत उतरला.

ईरप्पा उठला. खुर्ची मागं पडली. आता काय होतं, ते ऐका. मराठीतली सगळी दारं त्यानं अकरा दिवस आतनं कड्या लावून बंद केलेली होती. पण घराला परसदार असतं. आईच्या दुधाबरोबर आलेलं, शिवलीलाशी भांडतानाच तेवढं वापरायचं, ते परसदार कुणी लावलं नव्हतं.

“नम्म हुडुगाऽऽ!” ईरप्पा गरजला. “नम्म हुडुगा होडदाऽऽ! नम्म! नम्म! नम्मऽऽ!”

पंचगंगेवरची पाखरं उडाली ती त्यामुळंच, स्टेडियममुळं नव्हे.

विजयसिंहाचा हात खिशाकडं गेला, कार्ड अर्धं वर आलं, आणि हात तिथंच थांबला. जन्मभर कोल्हापुरात काढलेल्या माणसाला कानडी कुठलं येणार? काहीतरी पाप झालंय हे कळत होतं, कुठलं ते कळत नव्हतं.

“काय म्हणालास तू?”

“कधी?” ईरप्पानं खुर्ची उचलून सरळ केली.

“आत्ता. नम्म का फिम्म. लई वेळा म्हणालास.”

“ते व्हय! नम्म म्हंजे...” ईरप्पाच्या डोळ्यांपुढनं माईक गेला, पाय गेला, रंकाळ्याच्या सात फेऱ्या गेल्या. “नम्म म्हंजे नम्र. कानडीत नम्रला नम्म म्हणत्यात. नम्र पोरगा, असं.”

दोघांनी मैदानाकडं बघितलं. नम्र पोरगा जर्सी काढून जाहिरातीच्या फळीवर चढला होता आणि हौदगल्लीच्या गॅलरीकडं तोंड करून, कमरेवर हात ठेवून नाचत होता.

“ह्यो नम्र?”

“आतनं नम्र हाय.”

विजयसिंहानं कार्डाकडं बघितलं, ईरप्पाकडं बघितलं. कार्ड खिशात गेलं, पण वरचा कोपरा त्यानं बोटांत धरूनच ठेवला. “तपास चालू हाय,” तो म्हणाला. पंचनाम्याची भाषा त्यालाही लागली होती.

राहिलेली दोन मिनिटं आणि वरची चार, ईरप्पानं इसम, सदरहू आणि घटनास्थळावर काढली. शिट्टी झाली. वाघदरवाजा एक, हौदगल्ली शून्य. पिवळी-काळी माणसं कुंपणावरनं आत उतरली. ईरप्पा खुर्चीत सैल झाला. पायाकडं बघितलं तर पाय शांत, गाईच्या वासरागत निजलेला.

“काका, सुटलात!” संयोगिता कानात म्हणाली. “पुणे खूश आहे. पत्रही देतायत, राज्याच्या सामन्यांचं. आता फक्त प्रेक्षकांचे दोन फोन घेऊ आणि संपवू. हा एक गडहिंग्लजकडचा आलाय, बाई आहेत, तुमचं कौतुक करायचं म्हणतायत. थेट प्रक्षेपणात घेतेय.”

ईरप्पा ‘नको’ म्हणायला वळला, पण तेवढ्यात खोलीत आवाज भरला होता. म्हातारा, खणखणीत, मागं कोंबडा आरवतोय असा.

“हॅलो, टीव्ही काय? मी रत्नव्वा बोलतोय. मला फुटबॉलातलं कळत न्हाय बाबा. पर आज टीव्हीवर कानडी ऐकलो आणि डोळ्याला पाणीच आलं.”

“बरं बरं, आक्का, आभार हं,” ईरप्पा घाईघाईनं म्हणाला. “नमस्कार. पुढचा फोन...”

“थांब की जरा!” विजयसिंह माईकवर ओणवा झाला. दोन्ही कोपरं टेबलावर. “आक्का, ते नम्म नम्म म्हणाला न्हवं ह्यो? तो सांगतोय, नम्म म्हंजे नम्र. खरं हाय काय?”

पलीकडं रत्नव्वानं आधी कोंबड्याला हाकललं.

“सुळ्ळ हेळब्याड, तम्मा!” रत्नव्वा कडाडली, आणि मराठी माणसांनाही नीट कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सोडत म्हणाली, “खोटं बोलतोय त्यो! नम्म म्हंजे आपला!”